नाकावरचं तिसरं इंजिन

फोर्ड ट्रायमोटर नावाच्या तीन इंजिनांच्या जुन्या विमानात पायलटला बाजूच्या इंजिनाचं ऑइल प्रेशर बघायचं असेल तर मान वळवून खिडकीतून बाहेर बघावं लागायचं. ते मीटर कॉकपिटमधे नव्हतेच मुळी. पंखाखाली ज्या दांड्यांवर इंजिन टांगलेलं असायचं त्याच दांड्यांवर बाहेर बसवलेले होते, तोंड पायलटकडे करून. पाऊस असो, धुकं असो, डोळे बारीक करा आणि वाचा. आज हे वाचून हसू येतं, पण माझं अख्खं आयुष्य कारखान्यात मेंटेनन्समधे गेलंय, त्यामुळे ते मीटर तिथे बसवणाऱ्या माणसाचं डोकं कसं चाललं असेल ते लगेच कळतं. ऑइलची नळी जितकी लांब तितके जॉइंट जास्त आणि जितके जॉइंट जास्त तितकी गळती जास्त, मग मीटरच इंजिनापाशी नेऊन ठोकला तर काय बिघडलं? पायलटला मान आहेच की.

आणि नुसते मीटरच नाहीत. मागचं शेपूट हलवायच्या ज्या केबल्स असतात त्या आजच्या विमानात पोटातून जातात, ट्रायमोटरमधे त्या कॉकपिटच्या बाहेर निघून विमानाच्या अंगावरून उघड्यावर मागेपर्यंत जायच्या. येताजाता कोणीही बघावं, हाताने ओढून बघावं, तुटायला आलीये का ते कळावं. ब्रेकसाठी दोन पायलटांच्या मधे एक भलामोठा दांडा, मागे ओढला की दोन्ही चाकांना ब्रेक, एका बाजूला कलवला की त्या बाजूच्या चाकाला. सगळं काही डोळ्यांना दिसणारं. आमच्या शॉपमधल्या जुन्या फिटर लोकांना हे विमान फार आवडलं असतं असं मला नेहमी वाटतं.

पण मला खरं बोलायचंय ते त्याच्या नाकावरच्या तिसऱ्या इंजिनाबद्दल. कारण ते इंजिन कोणालाच मनापासून नको होतं. प्रवाशांना नको, पायलटला नको, हिशेब ठेवणाऱ्याला तर अजिबातच नको. तरी 1925 ते 1933 या काळात जगातल्या कितीतरी नावाजलेल्या प्रवासी विमानांच्या नाकावर ते बसलेलं होतं. का बसलं आणि मग का उतरलं, ही गोष्ट मला कुठल्याही विक्रमाच्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक वाटते.

सुरुवात करायची तर पहिल्या महायुद्धानंतर. विमानं ढीगभर उरली होती, इंजिनंही, पण ती इंजिनं काही प्रवासी घेऊन रोज वेळेवर जायला बनलेली नव्हती. पाण्याने थंड होणारं इंजिन म्हणजे रेडिएटर आला, पंप आला, होसपाइप आले, आणि त्यातलं काहीतरी एक नक्की गळणार. इंजिन बंद पडणं ही बातमी नव्हतीच, रोजची गोष्ट होती. खाली शेत दिसतंय का बघायचं आणि उतरायचं. टपाल नेणाऱ्या एकट्या पायलटचं ठीक आहे हो, पण मागे आठ-दहा तिकीट काढलेली माणसं बसलेली असली की शेतात उतरणं हा काही टाइमटेबलमधे लिहिता येण्यासारखा थांबा नाही.

मग उपाय काय? एकाच्या जागी तीन लावा. हिशेब सोपा आहे आणि तो मजेशीर पण आहे. समजा शंभर फेऱ्यांत एकदा इंजिन बंद पडतं. एक इंजिन असेल तर शंभरातून एकदा तुम्ही खाली. तीन असतील तर तिघांपैकी कुठलं तरी एक बंद पडण्याचा प्रसंग शंभरातून जवळजवळ तीनदा येणार, म्हणजे कटकट तिप्पट वाढली! पण एकाच फेरीत दोन बंद पडण्याची शक्यता बघा, दहा हजारात तीन. म्हणजे उरलेल्या दोन इंजिनांवर विमान तरंगत राहत असेल तर धोका एकदम तीसेक पटींनी कमी. सगळी गोम त्या "तरंगत राहत असेल तर" मधे आहे. पूर्ण भरलेलं विमान, उन्हाळ्याचे दिवस, खाली उंच पठार, आणि एक इंजिन गेलं, तर बऱ्याच जुन्या ट्रायमोटरना उंची टिकवणं जड जायचं. मग तिसऱ्या इंजिनाने काय दिलं, तर खाली यायला थोडा जास्त वेळ. तोही काही कमी नाही म्हणा, जागा शोधायला मिळते.

आता कोणी म्हणेल दोनच का नाही लावली? तर दोनातलं एक गेलं की ताकद निम्मी होते, तीनातलं एक गेलं की दोन तृतीयांश उरते. त्या काळातल्या दोन-सव्वादोनशे हॉर्सपॉवरच्या इंजिनांना हा फरक म्हणजे उडणं आणि न उडणं यातला फरक होता. शिवाय बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याने नुसता गरगर फिरत राहायचा आणि विमानाला मागे खेचायचा, त्याची पाती वळवून वाऱ्याला समांतर करायची सोय तेव्हा नव्हती. त्यात बाजूचं इंजिन गेलं की विमान त्या बाजूला तोंड फिरवणार, पायलट रडरवर पाय देऊन बसणार. नाकावरचं गेलं तर निदान तोंड सरळ राहतं.

मी हे सगळं पुस्तकातून वाचलं होतं, पण ती विमानं डोळ्यांनी बघितली ती लेकीकडे मिशिगनला गेल्यावर. डिअरबॉर्नला हेन्री फोर्डचं जे अवाढव्य म्युझियम आहे तिथे. आपली मराठी मंडळी तिकडे गाड्यांच्या कंपन्यांमुळे बरीच आहेत, आईवडील आले की त्यांना पहिला वीकेंड नायगारा आणि दुसरा हे म्युझियम असा ठरलेला कार्यक्रम असतो. बायको आणि लेक जुन्या गाड्यांकडे गेल्या आणि मी विमानांपाशी जो थांबलो तो फोन येईपर्यंत. कारण तिथे दोन ट्रायमोटर आहेत, एक फोकर आणि एक फोर्ड, आणि ही दोन विमानं म्हणजे एकमेकांचे भाऊ पण आहेत आणि वैरी पण.

फोकर आधी. अँथनी फोकर हा डच माणूस, जन्म मात्र जावा बेटावरचा, 1890 चा. महायुद्धात जर्मनीला लढाऊ विमानं करून दिली, नंतर हॉलंडला परत, मग अमेरिकेत. धंद्याचा महावस्ताद. 1925 मधे फोर्डने एक रिलायबिलिटी टूर जाहीर केली, म्हणजे शर्यत नव्हे, गावोगाव ठरल्या वेळेत पोचून दाखवायचं, विमान भरवशाचं आहे हे लोकांना पटवायचं. फोकरने हॉलंडला तार केली की आपल्या एफ-सेव्हन या एक इंजिनाच्या विमानाला आणखी दोन इंजिनं टांगा. टांगली. नवीन विमान काढलंच नाही, असलेल्याच्या पंखांखाली दोन इंजिनं लटकवली, सप्टेंबरच्या सुरुवातीला उडवलं आणि महिनाभरात अमेरिकेत टूरला हजर. अंगावर जिथे जागा मिळेल तिथे मोठ्या अक्षरात फोकर, फोकर, फोकर. फोर्डच्या पैशाने झालेल्या टूरमधे जाहिरात झाली फोकरची. मला हा माणूस आवडत नाही, पण या एका गोष्टीसाठी टोपी काढावी लागते.

तेच विमान पुढे हेन्रीचा मुलगा एडसेल फोर्ड याच्या पैशाने रिचर्ड बर्डच्या मोहिमेसाठी घेतलं गेलं, एडसेलच्या लहान मुलीचं नाव दिलं, जोसेफिन फोर्ड. 9 मे 1926 ला बर्ड आणि फ्लॉइड बेनेट त्यातून उत्तर ध्रुवाकडे गेले. खरंच पोचले की नाही यावर आजही वाद आहे, त्यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, वाटेत उजव्या इंजिनातून ऑइल गळायला लागलं होतं. बर्फावर, शेकडो मैल माणूस नाही अशा जागी. आणि ते पुढे जात राहिले. एका इंजिनाचं विमान असतं तर गेले असते का? तिसरं इंजिन हे यासाठी असतं, ते चालू असताना उपयोगी असतंच पण त्याहून जास्त उपयोगी असतं ते शेजारचं गळायला लागल्यावर मन शाबूत ठेवायला.

फोकरचं अंग म्हणजे स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड, आणि पंख पूर्ण लाकडी, प्लायवूडचा. सुंदर काम. जाड, एकसंध, बाहेर एकही तार नाही. तो पंख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोर्डचं विमान त्याच्याजवळ गेलात की पहिल्यांदा दिसतो तो पत्रा. अक्षरशः पन्हळी पत्रा, आपल्याकडे कोकणात पडवीवर असतो तसा, फक्त पन्हळी बारीक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. अख्खं विमान, पंख, शेपूट, सगळं पन्हळीचं. टिन गूज म्हणायचे लोक त्याला. पातळ पत्र्याला पन्हळी पाडल्या की तो वाकत नाही, मग आतला सांगाडा हलका ठेवता येतो, हे तत्त्व जर्मनीच्या ह्यूगो युंकर्सचं. त्याने 1919 मधेच संपूर्ण धातूचं प्रवासी विमान उडवलं होतं आणि 1924 मधे तीन इंजिनांचं संपूर्ण धातूचं पण. फोर्डने पुढे युरोपात विमानं विकायचा घाट घातला तेव्हा युंकर्सने कोर्टात खेचलं आणि फोर्ड हरला. बघितल्यावर कोणालाही कळेल की निकाल बरोबर होता. पन्हळी हवेच्या दिशेने असल्या की हवेला अडथळा होत नाही असा तेव्हाचा समज होता, पण हवा विमानाच्या अंगावरून काही पट्टीने रेघ मारल्यासारखी सरळ जात नाही, ती वळते, पन्हळी आडव्या ओलांडते, त्यामुळे अडथळा व्हायचाच आणि वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास अडकायचा.

फोर्डच्या विमानाचा जन्म पण सरळ नाही झाला. विल्यम स्टाऊट नावाचा एक कल्पक आणि तोंडाळ इंजिनिअर होता, त्याने डेट्रॉइटच्या बड्या उद्योगपतींना पत्रं पाठवली की प्रत्येकी हजार डॉलर द्या, आणि त्या बदल्यात एकच वचन देतो, हे पैसे तुम्हाला कधीच परत मिळणार नाहीत. लोकांनी दिले की! हेन्री आणि एडसेल फोर्ड त्यातलेच. 1925 मधे फोर्डने कंपनीच विकत घेतली. स्टाऊटचं एक इंजिनाचं धातूचं विमान चांगलं होतं, पण तीन इंजिनांचं पहिलं जे काढलं, थ्री-एटी, ते भलतंच कुरूप आणि उडायला त्याहून वाईट निघालं. जानेवारी 1926 मधे कारखान्याला आग लागली आणि ते विमान जळून गेलं. हेन्री फोर्डला फार दुःख झालं नसावं अशी कुजबुज तेव्हापासून आहे. स्टाऊटला भाषणं द्यायला बाहेर पाठवलं गेलं आणि तरुण इंजिनिअरांच्या एका टोळीने नवीन विमान काढलं, फोर-एटी, 11 जून 1926 ला उडालं. त्या टोळीत जेम्स मॅकडॉनेल नावाचा एक पोरगा होता, पुढे ज्याच्या नावाची कंपनी फँटम लढाऊ विमानं बनवणार होती तो. आणि हो, फोकरचं विमान फोर्डच्या हँगरमधे ठेवलेलं असताना रात्री कोणीतरी टेप घेऊन त्याची मापं घेतली असंही म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण म्युझियममधे दोन्ही पंख बघा आणि ठरवा.

इंजिनं आता हवेने थंड होणारी होती, राइट कंपनीची व्हर्लविंड, नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले, रेडिएटर नाही, पाणी नाही, होस नाही. लिंडबर्ग 1927 मधे अटलांटिक पार करून गेला ते याच इंजिनावर, आणि एकाच. नंतरच्या फाइव्ह-एटी मॉडेलला प्रॅट अँड व्हिटनीची वास्प लागली, प्रत्येकी 420 हॉर्सपॉवर, पंखांचा पसारा सुमारे 78 फूट. सगळी मिळून 199 विमानं झाली. फोर्डच्या गाड्यांचे आकडे डोक्यात असले तर हा आकडा हास्यास्पद वाटतो, पण त्या काळात विमानांसाठी तो मोठा होता.

म्युझियममधलं फोर्ड विमान म्हणजे बर्डचंच, दक्षिण ध्रुवाच्या वरून उडत गेलेलं. नाव फ्लॉइड बेनेट, कारण बेनेट 1928 मधे न्यूमोनियाने गेला होता. नोव्हेंबर 1929, पायलट बर्न्ट बाल्कन. त्याच्या नाकावरचं इंजिन बाजूच्या दोघांपेक्षा वेगळं आहे, दुपटीहून जास्त ताकदीचं मुद्दाम बसवलेलं, कारण ध्रुवाच्या वाटेवर डोंगरांची भिंत आहे आणि हिमनदीच्या घळीतून वर चढून जायचं होतं. तरी चढेना. बाल्कन ओरडला की वजन टाका. टाकायचं काय, पेट्रोल की जेवण? पेट्रोल टाकलं तर परत येता येणार नाही, जेवण टाकलं आणि मग कुठे उतरावं लागलं तर उपाशी मरायचं. जेवणाच्या दोन पिशव्या बाहेर ढकलल्या आणि विमान घळीवरून जेमतेम निघून गेलं. इंजिन बंद पडलं तर खायला नाही, आणि इंजिन बंद पडणार नाही या भरवशावर खाणं फेकून दिलेलं! मी त्या दारापाशी बराच वेळ उभा होतो. दार किती छोटं आहे ते बघितल्याशिवाय या गोष्टीतलं काही कळत नाही.

आता प्रवाशांचं. 1929 मधे अमेरिकेत टीएटी नावाच्या कंपनीने लिंडबर्गला सल्लागार घेऊन एक सेवा सुरू केली, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला 48 तासांत. रात्री न्यूयॉर्कहून रेल्वेने ओहायोत कोलंबसला, सकाळी तिथून ट्रायमोटरने ओक्लाहोमात वेनोकाला, रात्री परत रेल्वे न्यू मेक्सिकोत क्लोव्हिसपर्यंत, सकाळी परत ट्रायमोटर ते लॉस एंजेलिस. रात्रीचं प्रवासी घेऊन उडायची हिंमत नव्हती. लोक टीएटीचा अर्थ लावायचे टेक अ ट्रेन! आणि सुरू होऊन दोन महिने नाही झाले तर एक विमान माउंट टेलरच्या डोंगरावर वादळात आदळलं, आठही माणसं गेली. इंजिनं तिन्ही चालू असली तरी समोर डोंगर असेल तर काय करणार.

आत आवाज प्रचंड. नाकावरचं इंजिन म्हणजे थेट प्रवाशांच्या पुढ्यात, त्याची थरथर सगळ्या पत्र्यातून अंगात, त्याचा धूर आणि ऑइलचा वास आत. चढताना कानात घालायला कापूस आणि चघळायला गम द्यायचे. बोइंगचं मॉडेल 80 हेही तीन इंजिनांचंच, त्यावर 15 मे 1930 ला जगातली पहिली हवाई सुंदरी चढली, एलेन चर्च, आणि ती शिकलेली नर्स होती. तिच्यासारख्या आठ जणी घेतल्या होत्या, आठही नर्स. लोकांना ओकाऱ्या व्हायच्या, भीतीने गारठून जायचे, त्यांना नर्सचा धीर वाटावा म्हणून. त्यांच्या कामांच्या यादीत खुर्च्या जमिनीला नीट घट्ट आहेत का बघणं होतं, टॉयलेट समजून कोणी बाहेरचं दार उघडत नाही ना यावर लक्ष ठेवणं होतं, आणि जवळ रेल्वेचं टाइमटेबल ठेवणं होतं! तीन इंजिनं लावूनही टाइमटेबल जवळ ठेवायचं, ही माझी आवडती गोष्ट आहे.

मी स्वतः त्याच दौऱ्यात एका उडत्या ट्रायमोटरमधे बसलो. तिकडे ईएए म्हणून हौशी वैमानिकांची मोठी संघटना आहे, ते जुनी ट्रायमोटर गावोगाव नेतात आणि पैसे भरून फेरी मारता येते. जावयाने तिकीट काढून दिलं, बायको म्हणाली मी खाली उभी राहून फोटो काढते, तुम्ही जा. मागच्या दारातून आत शिरलात की चक्क चढ लागतो, कारण विमान शेपटीवर बसलेलं असतं, खुर्चीची पाठ धरत धरत पुढे जायचं. एक एक करून तिन्ही इंजिनं चालू झाली आणि मग बोलणं संपलं. म्हणजे खरंच, शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं आणि मी मान हलवली, काय म्हणाला कोण जाणे. खिडकीतून चाक दिसतं, इंजिनाच्या खाली लटकणारं, आणि जमीन सुटली तरी ते चाक बराच वेळ आपलं फिरतच राहतं. मी त्या चाकाकडेच बघत राहिलो, शेतं, घरं सगळं राहिलं बाजूला. आणि विमान इतक्या कमी वेगात इतक्या आरामात उचललं गेलं की पोटात काही झालंच नाही. पंख जाडजूड, वेग कमी, त्यामुळे कुठल्याही कुरणातून उडेल आणि कुरणात उतरेल असा प्रकार. हे सामर्थ्य त्याचं त्या तिसऱ्या इंजिनापेक्षाही मोठं होतं असं मला त्या दहा-पंधरा मिनिटांत वाटलं.

आपल्याकडच्या माणसांचा या सगळ्याशी संबंध आला तो टपालातून. ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची टपाल आणि प्रवासी सेवा सुरू केली 30 मार्च 1929 ला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती हे आपण विसरतो. क्रॉयडनहून बासलपर्यंत आर्गोसी विमान, तीन इंजिनांचं. मधे आल्प्सपाशी रेल्वे, जिनोआपर्यंत. तिथून अलेक्झांड्रियापर्यंत कॅलकटा नावाची उडती बोट, तीही तीन इंजिनांची. आणि तिथून वाळवंट आणि इराणचा किनारा धरून कराचीपर्यंत डी हॅविलँड हर्क्युलिस, पुन्हा तीन इंजिनं. म्हणजे एक पत्र नऊ इंजिनांच्या आणि एका आगगाडीच्या जीवावर आठवडाभरात इकडे यायचं. हर्क्युलिस हे दोन मजली पंखांचं भलंथोरलं विमान, ज्युपिटर इंजिनांचं, सुरुवातीला त्याचे पायलट उघड्यावर बसायचे, वाळवंटातल्या उन्हात! बगदादच्या वाटेवर खाली दिशा कळायला जमिनीत नांगराने मैलोनमैल चर काढून ठेवला होता, तो बघत जायचं. आणि मग पुढे 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते एका इंजिनाच्या पस मॉथमधून. लंडनहून येणाऱ्या साहेबाच्या टपालाला तीन-तीन इंजिनं आणि आपल्या माणसाला एक. तरी एकानेच आले आणि वेळेवर आले.

आता तो लाकडी पंख. 31 मार्च 1931 ला टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचं फोकर एफ-10 कॅन्ससमधे कुरणात कोसळलं, आठ माणसं गेली, त्यात नूट रॉकनी होते, नोत्र दामचे फुटबॉल कोच, अमेरिकेत घरोघरी माहीत असलेला माणूस. पंखच तुटून पडला होता. आतल्या लाकडाचे डिंकाने जोडलेले सांधे ओलाव्याने कमजोर झाले होते असं चौकशीत पुढे आलं, आणि मुख्य म्हणजे पंख पूर्ण प्लायवूडने बंद असल्यामुळे आत काय कुजतंय हे उघडल्याशिवाय बघताच येत नव्हतं. मी वर केबल उघड्यावर असल्याचं कौतुक केलं ते याच्यासाठी. तिन्ही इंजिनांवर डोळे लावून बसलेल्या लोकांना मार बसला तो ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्या डिंकाने. मेंटेनन्सवाल्याला हे वाचताना वेगळंच काहीतरी होतं. स्टँडबाय पंप लावून ठेवतो आपण, आणि फुटतो तो दोघांच्या पुढचा कॉमन पाइप.

लाकडाची फोकर विमानं सरकारने जमिनीवर बसवली, लोकांना लाकूड नको झालं. टीडब्ल्यूएला नवीन विमानं हवी होती, बोइंगने नवीन 247 काढायला घेतलं होतं पण ती सगळी पहिली साठ युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीला जाणार होती. म्हणून 2 ऑगस्ट 1932 ला टीडब्ल्यूएच्या जॅक फ्रायने विमानं बनवणाऱ्या कंपन्यांना एक छोटं पत्र पाठवलं. मागणी काय, तर संपूर्ण धातूचं, शक्यतो तीन इंजिनांचं, निदान बारा प्रवासी नेणारं, आणि कुठल्याही दोन इंजिनांवर आमच्या कुठल्याही विमानतळावरून उडता आलं पाहिजे. त्यातल्या डग्लस कंपनीच्या इंजिनिअरांनी आकडेमोड केली आणि म्हणाले दोनच इंजिनं लावतो. त्यावर टीडब्ल्यूएकडून लिंडबर्गची अट, मग एका इंजिनावर उडून दाखवा, तेही आमच्या उंचावरच्या तळावरून.

हे कसं शक्य झालं ते महत्त्वाचं. इंजिन सातशे हॉर्सपॉवरच्या आसपास पोचलं होतं. इंजिनाभोवती गोल झाकण घातलं की हवेचा अडथळा प्रचंड कमी होतो हे अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेने 1928 च्या सुमारास दाखवलं होतं. पंख्याच्या पात्यांचा कोन उडताना बदलता यायला लागला होता. अंगावरच्या पन्हळी गेल्या, पत्रा गुळगुळीत आला. चाकं पोटात घेतली गेली. तिसरं इंजिन जे काम करत होतं ते असं दहा ठिकाणी वाटून गेलं. डग्लसचा आर्थर रेमंड या करारासाठी न्यूयॉर्कला रेल्वेने गेला आणि परत मुद्दाम फोर्ड ट्रायमोटरने आला, प्रवाशाला काय भोगावं लागतं ते बघायला. कानात कापूस, पायाला थरथर, आणि उतरताना डबक्यातला चिखल हवा खेळायच्या भोकांतून आत सगळ्यांच्या अंगावर. परत येऊन त्याने काय ठरवलं असेल ते सांगायला नको.

सप्टेंबर 1933 मधे डग्लसचं ते दोन इंजिनांचं नवीन विमान, डीसी-1, अ‍ॅरिझोनातल्या विन्स्लोहून उडालं, जवळजवळ पाच हजार फूट उंचीवरचा तळ, आणि धावपट्टी सुटता सुटता एक इंजिन बंद केलं. मुद्दाम. आणि तसंच एका इंजिनावर डोंगर ओलांडून अल्बुकर्कला गेलं, आणि त्याच वाटेवर आधी निघालेल्या टीडब्ल्यूएच्या ट्रायमोटरच्या आधी पोचलं. मला त्या ट्रायमोटरच्या पायलटचा चेहरा बघायला आवडलं असतं. तीन इंजिनं पूर्ण जोरात चालू, आणि बाजूने हे जातंय एकावर. त्याच वर्षी फोर्डने विमानं बनवणं बंद केलं. डिअरबॉर्नच्या त्या विमानतळाचा पुढे गाड्यांचा टेस्ट ट्रॅक झाला.

ट्रायमोटर मात्र मेली नाहीत, मोठ्या कंपन्यांनी काढून टाकल्यावर गरिबाच्या घरी नांदली. मध्य अमेरिकेच्या जंगलात सामान वाहिलं, मोंटानात जंगलातले वणवे विझवणाऱ्यांना वरून उड्या मारायला नेलं, आणि ओहायोत लेक ईरीच्या बेटांवर पोर्ट क्लिंटनहून शाळेची पोरं, किराणा आणि टपाल घेऊन 1980 च्या दशकापर्यंत फेऱ्या मारत होती. हिवाळ्यात तलाव गोठला की बोट बंद, मग हेच. तिथल्या पोरांना शाळेत विमानाने जातो याचं काही विशेष वाटत नसणार.

गंमत म्हणजे हीच गोष्ट जेटच्या जमान्यात पुन्हा घडली. अमेरिकेत 1953 पासून नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही. बोइंग 727 काढायच्या वेळी युनायटेडला डेन्व्हरच्या उंचीसाठी चार इंजिनं हवी होती, अमेरिकन एअरलाइन्सला खर्च वाचवायला दोन, ईस्टर्नला कॅरिबियन समुद्रासाठी तीन, तडजोड झाली तीनवर आणि अठराशेच्या वर विमानं खपली. मग 1985 मधे दोन इंजिनांच्या 767 ला बोस्टनहून पॅरिसला समुद्रावरून जायची परवानगी मिळाली, आणि ते विमान कोणाचं, तर टीडब्ल्यूएचं. ज्यांनी 1932 मधे तीन मागितली होती तेच. त्यानंतर तीन इंजिनांची प्रवासी विमानं हळूहळू सगळीकडून गेली. आम्ही मिशिगनहून परत आलो ते पण दोनच इंजिनांवर, अटलांटिक ओलांडून, आणि विमानात कोणालाही त्याचं काही वाटलं नाही, सगळे जेवण कधी येतंय याकडे लक्ष लावून बसलेले.

आज नवीन बनणाऱ्या विमानांत तिसरं इंजिन हवं असेल तर फ्रान्सच्या दसॉकडे जायचं, त्यांच्या फाल्कन जेटमधे अजून मिळतं, शेपटीत बसवलेलं, दोन बाजूंना आणि एक मधे. घेणारे लोक म्हणजे ज्यांचं स्वतःचं विमान असतं ते. डिझेलचा भाव बघून गाडी चालवणाऱ्यांनी त्या वाटेला न गेलेलंच बरं.